रिकाम्या कोठाराचा वसंत

वसंत ऋतूविषयी लिहिताना आपण बहुतेक वेळा त्याच्या उत्तरार्धाविषयीच लिहितो: बहरलेली झाडे, कोवळी पालवी, अंगाला सुखावणारा वारा. त्याच्या पूर्वार्धाकडे फारसे कुणी वळत नाही. जिथे हिवाळा खरोखर कडक असतो, तिथे वर्षातले सर्वांत ओढग्रस्तीचे दिवस ऐन थंडीत येत नाहीत. ते थंडी सरताना येतात. शरदात भरलेले तळघर आता तळाला लागलेले असते, उरल्यासुरल्या बटाट्यांना कोंब फुटून ते सुरकुतलेले असतात, गाजरे मऊ पडलेली असतात आणि वाफ्यात मात्र अजून तोंडात घालण्याजोगे काहीही उगवलेले नसते. दिवस रोज थोडा थोडा मोठा होतो, पक्षी परततात, पण ताटात वाढायला काही नसते. वसंताची सुरुवात अशी टंचाईने होते. ही गोष्ट मला ज्या घरात नीट उमगली, ते घर म्हणजे कॅथलिक धर्मभगिनींचा एक मठ आहे.

संत बेनेडिक्टच्या नियमावलीप्रमाणे जगणाऱ्या या भगिनींच्या अतिथिगृहात मी अनेकदा उपवासकाळात राहिले आहे. येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याचे स्वागत प्रत्यक्ष ख्रिस्ताचे स्वागत समजून करावे, असे त्या नियमावलीचे 53 वे प्रकरण सांगते. म्हणून माझ्यासारख्या बाहेरच्या बाईलाही त्यांच्या प्रार्थनेला मागच्या बाकावर बसता येते आणि हात रिकामे ठेवणे जमत नसेल तर बागेत जाऊन कामालाही लागता येते. शाळा, रुग्णालये, अनाथालये चालवणाऱ्या संघांतल्या भगिनींचा वसंत निराळा असतो. त्यात परीक्षा असतात आणि मुलांच्या प्रथम ख्रिस्तप्रसादाची तयारी असते. मी लिहिते आहे ती मठाच्या आवारात राहून प्रार्थना आणि हाताचे काम या दोनच गोष्टींवर दिवस उभा करणाऱ्या भगिनींविषयी.

या घरात ऋतू बदलल्याची पहिली खूण राखेच्या बुधवारी मिळते. आदल्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारी, आशीर्वादित केलेल्या झावळ्या जाळून केलेली राख त्या दिवशी प्रत्येकीच्या कपाळी लागते आणि ईस्टरपूर्वीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ सुरू होतो. वेदीवरची फुले जातात, ऑर्गन गप्प होतो, वस्त्रांचा रंग जांभळा होतो. सर्वांत जाणवणारी गोष्ट म्हणजे ‘आलेलूया’ (देवाची स्तुती करा) हा शब्द प्रार्थनेतून पूर्णपणे नाहीसा होतो. एरवी दिवसातून कितीतरी वेळा ओठांवर येणारा हा शब्द ईस्टरच्या रात्रीपर्यंत कुणी गात नाही. काही मठांत तो एका फलकावर सुंदर अक्षरांत लिहून तो फलक कपाटात ठेवून देण्याची जुनी रीत अजून पाळली जाते. याच सुमारास प्रत्येकीला ग्रंथालयातून एक पुस्तक दिले जाते आणि ते पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सलग वाचायचे असते. हा दंडक सहाव्या शतकातल्या नियमावलीच्या 48 व्या प्रकरणात आहे आणि मला तो फार आवडतो, कारण पुस्तक चाळून बाजूला ठेवण्याची सोय त्यात ठेवलेली नाही.

बाहेरून पाहणाऱ्याला हा सगळा संयम वसंताच्या स्वभावाशी फटकून असल्यासारखा वाटतो. झाडांवर कळ्या धरत असताना माणसांनी फुले काढून ठेवावीत, पाखरे गाऊ लागली असताना गाणे आखडते घ्यावे, हे कशासाठी, असा प्रश्न मला अनेकांनी विचारला आहे. माझे उत्तर असे आहे की जमीन त्या दिवसांत खरोखर ज्या अवस्थेत असते, तीच अवस्था या भगिनी जाणीवपूर्वक स्वतःची करून घेतात. नियमावलीचे 49 वे प्रकरण उपवासकाळाविषयी बोलताना प्रत्येकीने आपल्या खाण्यातून, झोपेतून, बोलण्यातून काहीतरी वजा करावे असे सांगते, आणि त्याच ओघात पवित्र ईस्टरची वाट आनंदाने आणि ओढीने पाहावी असेही सांगते. वजाबाकी आणि ओढ ही दोन्ही तिथे एकाच श्वासात येतात. रिकामे कोठार पाहून घाबरून न जाता त्याच्या दारात उभे राहून वाट पाहणे, हे मला या जीवनक्रमाचे मर्म वाटते.

हे नुसते तत्त्व नाही, हे मला मधमाश्यांमुळे पटले. मधमाश्यांची जबाबदारी असलेली सिस्टर मार्च उजाडला की रोज पेट्यांच्या मागून एक फेरी मारते. झाकण ती उघडत नाही, कारण आतली ऊब एकदा गेली की ती परत भरून काढायला माश्यांना त्यांचा शिलकी मध जाळावा लागतो. ती फक्त खाली वाकते, पेटीची मागची कड दोन्ही हातांनी जेमतेम बोटभर उचलते, क्षणभर तशीच धरते आणि हलकेच खाली ठेवते. त्या एका उचलण्यात तिला आत किती मध शिल्लक आहे ते कळते. मीही उचलून पाहिले आहे. मला सगळ्या पेट्या सारख्याच लागल्या. तिला मात्र एक पेटी ‘पोटभर’ लागते, दुसरी ‘आठवडाभराची’, आणि तिसरी उचलली की ती काही न बोलता स्वयंपाकघराकडे साखर आणायला निघते.

मधमाश्यांची वसाहत उपाशी मरते ती बहुधा हिवाळ्याच्या मध्यावर नव्हे, तर वसंताच्या उंबरठ्यावर. कडाक्याच्या थंडीत माश्या एकमेकींना बिलगून घोळका करून राहतात आणि जपून खातात. दिवस मोठा होऊ लागला की राणी पुन्हा अंडी घालू लागते. मग पिल्लांच्या भोवतीचे तापमान सुमारे 35 अंश सेल्सियसवर टिकवून धरावे लागते, पिल्लांना भरवावे लागते, आणि त्यामुळे मध झपाट्याने संपू लागतो. बाहेर फुले तर अजून नाहीत. म्हणजे भविष्याची तयारी सुरू होताच शिल्लक संपू लागते आणि आवक अजून सुरू झालेली नसते. शरदात जन्मलेल्या, सगळा हिवाळा काढलेल्या जुन्या माश्या या काळात नव्या पिढीला वाढवतात आणि ते काम संपता संपता मरतात. दुपारी ऊन पडून हवा जरा उबदार झाली की त्या बाहेर पडतात, वाळुंजाच्या झाडांवरून पहिला पिवळा पराग पायांना लावून आणतात. तो पराग पेटीच्या दाराशी पाहिला की सिस्टरच्या चेहऱ्यावर जो प्रकाश येतो, तो मी देवघरातही क्वचितच पाहिला आहे.

बाकीची कामे एकाच वेळी अंगावर येतात. सफरचंदाच्या झाडांची छाटणी कळ्या फुगण्याआधी उरकावी लागते. टोमॅटो आणि मिरचीचे बी शेवटच्या हिमरात्रीच्या सहा ते आठ आठवडे आधी घरात, खिडकीशी मांडलेल्या खोक्यांत पेरायचे असते. रोपे वाढली की त्यांना एकदम उघड्यावर नेता येत नाही. पहिल्या दिवशी तासभर, मग दोन तास, मग अर्धा दिवस, अशी आठ-दहा दिवस बाहेरच्या वाऱ्याची सवय लावावी लागते. मठात नव्याने आलेल्या उमेदवार मुलीला हे काम देतात. तीही त्या घरात तशीच हळूहळू रुळत असते: आधी काही महिने उमेदवार म्हणून, मग नवदीक्षिता म्हणून, मग तात्पुरती व्रते घेऊन आणि कित्येक वर्षांनी आजन्म व्रते घेऊन. हे साम्य कुणी तिला समजावून सांगत नाही. खोकी बाहेर नेण्या-आणण्याचे वेळापत्रक तेवढे तिच्या हाती देतात.

आणि हिमरात्री. सफरचंद पूर्ण बहरात असताना तापमान उणे दोन अंशांच्या खाली गेले तर दहातली एखादी कळी दगावते. उणे चारच्या आसपास गेले तर बहुतेक सगळा बहर जातो. पहाटेपूर्वीचे तास सर्वांत धोक्याचे असतात आणि नेमक्या त्याच तासांना या भगिनी रात्रीच्या प्रार्थनेसाठी उठलेल्या असतात. प्रार्थनागृहाकडे जाताना बागेची सिस्टर वाटेतल्या थर्मामीटरवर टॉर्च मारते आणि पारा उतरत असेल तर प्रार्थनेनंतर झोपायला न जाता बुटक्या झाडांवर कापडे टाकायला निघते. ज्यांच्या अंगी बळ आहे त्या तिच्यामागून जातात. त्या वेळी मठात मौन असते, त्यामुळे हे सगळे काम खुणांनी चालते. दिवसा, बेनेडिक्टने लावून दिलेला जुना क्रम जिथे अजून चालतो तिथे, मंगळवार ते शनिवार दुपारच्या प्रार्थनेत रोज तेच 126 वे स्तोत्र येते, ज्यात रडत रडत बी घेऊन गेलेला माणूस हर्षाने पेंढ्या घेऊन परततो. तळहाताला माती लागलेल्या बायकांच्या तोंडून ते रोज ऐकले की त्यातले ‘बी’ हे बी असते आणि ‘रडणे’ हे रडणेच असते.

ईस्टर मात्र बागेच्या सोयीने येत नाही. 21 मार्च रोजी किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेनंतरचा रविवार, असा त्याचा हिशेब असल्यामुळे तो 22 मार्च ते 25 एप्रिल यांमध्ये कुठेही येऊ शकतो. 1943 साली तो अगदी शेवटच्या दिवशी आला होता आणि 2038 साली पुन्हा तसाच येणार आहे. त्यामुळे एखाद्या वर्षी पुनरुत्थानाची गाणी गाताना खिडकीबाहेर बर्फ असतो, तर एखाद्या वर्षी उपवासकाळ चालू असतानाच ट्युलिप फुलून जातात आणि ती वेदीवर ठेवता येत नाहीत. दक्षिण गोलार्धातल्या मठांत तर हा सण शरदातच येतो. ईस्टरची तारीख कशी ठरवावी या जुन्या वादात भगिनींच्या एका घराला इतिहासात मानाचे स्थान आहे, आणि ते पुरेसे सांगितले जात नाही असे मला वाटते. इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या व्हिट्बी येथे 664 साली जी धर्मसभा भरली, ती हिल्डा नावाच्या मठमातेच्या मठात भरली. तिथे भिक्षू आणि भिक्षुणी दोघेही तिच्या अधिकाराखाली राहत. राजा ऑस्वी आयरिश परंपरेची तारीख पाळत असे आणि त्याची राणी रोमची. त्यामुळे राजा उपवास सोडून ईस्टर साजरा करत असताना राणी झावळ्यांच्या रविवारचा उपवास करत असे, अशी वेळ येई. सभेत निर्णय रोमच्या बाजूने लागला. हिल्डाचा कल आयरिश बाजूकडे होता, तरी तिने तो निर्णय स्वीकारला आणि आपले घर एकसंध ठेवले. एकाच छताखाली एकीचा उपवास आणि दुसरीची मेजवानी असू नये, हे मठ चालवणाऱ्या बाईला कुणी वेगळे सांगायला नको होते.

झावळ्यांच्या रविवारपासून घराची चाल बदलते. फ्रान्सिस्कन परंपरेतल्या भगिनींसाठी तर हा दिवस म्हणजे त्यांच्या संघाची पहाट आहे. असिसीची क्लारा 1212 साली याच दिवशी घर सोडून निघाली. सकाळी चर्चमध्ये सगळे जण झावळी घ्यायला पुढे गेले तेव्हा ती जागेवरच थांबली आणि बिशप स्वतः पायऱ्या उतरून तिच्या हाती झावळी देऊन गेले, असे तिच्या चरित्रात सांगितले आहे. त्याच रात्री पोर्झियुंकुलाच्या लहानशा चर्चमध्ये फ्रान्सिसने तिचे केस कापले. लिझ्यूची तेरेझाही वसंतातच, 9 एप्रिल 1888 रोजी, वयाच्या 15 व्या वर्षी कार्मेल संघाच्या मठात दाखल झाली. त्या वर्षी मंगलवार्तेचा, म्हणजे येशूच्या जन्माची वार्ता मरियेला मिळाल्याचा, सण ईस्टरपूर्वीच्या पवित्र आठवड्यात आल्यामुळे 25 मार्चऐवजी त्या दिवशी साजरा होत होता.

पवित्र गुरुवारी मठमाता भगिनींचे पाय धुते. मी तो विधी पाहिला तेव्हा माझे लक्ष पायांकडेच राहिले. काठी टेकत आलेल्या वृद्ध सिस्टरचे सुजलेले, निळ्या शिरांचे पाय. स्वयंपाकघरात दिवसभर उभ्या असणाऱ्या सिस्टरच्या अंगठ्याशी वर आलेले हाड. आणि बागेच्या सिस्टरच्या टाचांना पडलेल्या भेगा, ज्यांत माती इतकी मुरलेली होती की मठमातेने दोनदा पाणी घालून अंगठा फिरवला तरी काळ्या रेघा तशाच राहिल्या. मग तिने त्या पुसायचा प्रयत्न सोडला, पाय कोरडे केले आणि ओठ टेकवले. नियमावलीत हे वर्षातून एकदाचे कामही नाही. आठवड्याचा स्वयंपाक ज्यांच्याकडे असेल त्यांनी पाळी संपताना, शनिवारी, सगळ्यांचे पाय धुवावेत असे तिचे 35 वे प्रकरण सांगते. पाय धुणे तिथे भांडी-टॉवेल धुण्याच्या शेजारीच लिहिलेले आहे.

त्या रात्रीपासून घंटा बंद होतात. प्रार्थनेची वेळ लाकडी टाळ्यांच्या कोरड्या आवाजाने कळते. शुक्रवार संपूर्ण उघडा असतो: वेदीवर वस्त्र नाही, मेणबत्ती नाही, मिस्सा म्हणजे ख्रिस्तयागाचा विधी नाही. शनिवारी दिवसभर बाह्यतः काहीच घडत नाही, आणि तरी घरात श्वास घ्यायला सवड नसते. पांढरी वस्त्रे इस्त्री होतात, पितळ घासले जाते, फुलांनी भरलेल्या बादल्या मागच्या ओसरीत लपवलेल्या असतात. अंधार पडल्यावर अंगणात नवा अग्नी पेटवतात. इथे त्यासाठी फेब्रुवारीत छाटलेल्या सफरचंदाच्या फांद्या राखून ठेवलेल्या असतात. मोठ्या पास्का (ईस्टरच्या) मेणबत्तीवर क्रूस, आल्फा आणि ओमेगा ही ग्रीक वर्णमालेतली पहिली आणि शेवटची अक्षरे आणि चालू वर्षाचे चार आकडे कोरले जातात, धुपाचे पाच खडे जखमांच्या जागी खुपसले जातात, आणि ती ज्योत अंधाऱ्या प्रार्थनागृहात नेली जाते. मग जे प्राचीन स्तुतिगान होते, त्यात या मेणबत्तीसाठी मधमाश्यांच्या कष्टांचा उल्लेख येतो. शतकानुशतके हा उल्लेख त्यात आहे. तो ऐकताना मी दर वेळी मागच्या रांगेतल्या त्या सिस्टरकडे पाहते, जिने महिनाभर पेट्या उचलून पाहिलेल्या असतात. ती मान खाली घालून उभी असते.

आणि मग आलेलूया. तीनदा, प्रत्येक वेळी वरच्या पट्टीत. इतके दिवस न उच्चारलेला शब्द पहिल्यांदा गाताना आवाज किंचित अडखळतो, विशेषतः वृद्ध भगिनींचा, आणि तिसऱ्या वेळेपर्यंत तो भरून येतो. माझ्या समजुतीप्रमाणे हा आनंद उत्स्फूर्त नसतो. तो चाळीस दिवस राखलेल्या मोकळ्या जागेत येऊन बसतो. ती जागा राखली नसती तर गाणे झाले असते, सणही झाला असता, पण त्याला हा भार आला नसता.

ईस्टरच्या सप्ताहात वाचल्या जाणाऱ्या प्रसंगांपैकी या घरात सर्वांत जवळचा मानला जातो तो मग्दालेना मरियेचा. पहिल्यांदा पुनरुत्थित येशू दिसतो तो एका स्त्रीला, एका बागेत, आणि ती त्याला माळी समजते. बागेची सिस्टर मला एकदा म्हणाली, “त्याला माळी समजली यात तिचं काही चुकलं नाही. पहाटे पहाटे बागेत दुसरं कोण असतं?” ती हे अगदी गंभीरपणे म्हणाली. सृष्टीच्या हिरवेपणात देवाची जीवनशक्तीच वाहते असे मानणारी बाराव्या शतकातली बेनेडिक्टाइन मठमाता हिल्डेगार्ड, जिला 2012 साली पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी चर्चची आचार्या, म्हणजे जिची शिकवण साऱ्या चर्चसाठी प्रमाण मानली जाते अशी संत, म्हणून घोषित केले, तिला हे उत्तर पटले असते असे मला वाटते.

ईस्टरनंतरचे पन्नास दिवस हे पेंटेकॉस्टपर्यंत, म्हणजे पवित्र आत्म्याच्या आगमनाच्या सणापर्यंत, एकच सण मानले जातात. बेनेडिक्टने या काळात उपवास ठेवला नाही. जेवण मध्यान्हीला आणि रात्री, दोनदा. भांडारात पहिली मुळ्याची जुडी येते, पालक येतो, कोंबड्या पुन्हा भरपूर अंडी घालू लागतात. मे महिन्याच्या मध्यावर, 11 ते 15 तारखांना येणाऱ्या ज्या संतांना मध्य युरोपात बर्फाचे संत म्हणतात त्यांचे दिवस उलटल्याशिवाय बागेची सिस्टर टोमॅटोची रोपे जमिनीत लावू देत नाही. अंदाज सांगणारे अ‍ॅप तिच्या फोनवर आहे; तरी ती थांबते. तोवर तणही माजते, आणि तणाला सणवार नसतात.

याच दिवसांत पेट्यांतून थवे निघतात. वसाहत वाढून दाटी झाली की जुनी राणी निम्म्याअधिक माश्या घेऊन बाहेर पडते. बांधलेले घर, मेण, मधाची शिल्लक आणि पिल्ले ती अजून जन्मायच्या राणीसाठी मागे ठेवते. सोळाव्या शतकात कार्मेल संघाची सुधारणा करणाऱ्या आविलाच्या तेरेझानेही एका घरात फार भगिनी जमू दिल्या नाहीत. 1562 साली तिने पहिला मठ स्थापला, मग 1567 पासून 1582 साली निधन होईपर्यंत ती खडखडणाऱ्या गाड्यांतून फिरत राहिली आणि भगिनींचे सतरा मठ उभे राहिले. आज अनेक ठिकाणी उलटे घडते आहे: दोन-तीन मठ मिळून एक होतो, भगिनी वयस्क आहेत, नव्याने येणाऱ्या थोड्या आहेत. मी ज्या घराविषयी लिहिते आहे तिथेही हा प्रश्न जेवणाच्या खोलीत मोकळेपणाने बोलला जातो. तो बोलून झाल्यावर पेरणीची यादी मात्र छोटी होत नाही, याविषयी मला मनापासून आदर आहे.

गेल्या मे महिन्यात थवा नासपतीच्या फांदीवर जाऊन बसला. सिस्टरने शिडी लावली, पण वर चढली ती उमेदवार मुलगी. सिस्टर खालून टोपली धरून सूचना देत होती. फांदीला एक झटका, माश्यांचा जड गोळा टोपलीत, वर कापड. थवा फक्त काही दिवस पुरेल एवढाच मध पोटात घेऊन निघतो आणि नव्या पेटीत एकही भरलेली चौकट नव्हती. पश्चिमेला आभाळ भरून आले होते, पाऊस लागला असता तर माश्यांना बाहेर पडता आले नसते. सिस्टर मुलीला म्हणाली, “मदरना सांग, आपण संध्याकाळच्या प्रार्थनेला पाच मिनिटं उशिरा येतो,” आणि आम्ही तिघी साखरेचा पाक करायला स्वयंपाकघरात गेलो.